शिकामू बाई! टांझानियातले आठ दिवस

आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, सिंह बघितला का? नाही बघितला. सेरेनगेटीच्या कडेने गाडी गेली तेव्हा थोडे झेब्रे आणि बबून माकडं दिसली, तेवढीच काय ती सफारी. आम्ही शाळा बघायला गेलो होतो. आमचे हे निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत म्हणत होते की तेहतीस वर्षं झेडपीच्या शाळेत काढलीस तरी तुझं पोट भरलं नाही का.

कारण सांगते. माझे वडील साताऱ्याला कर्मवीरांच्या बोर्डिंगात शिकले, दगड फोडून, भाजी पिकवून, कमवा आणि शिका. त्यामुळे 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे रयतचं वाक्य आमच्या घरात देवाच्या आरतीसारखं होतं. माझी भाची दार-ए-सलामला असते (जावई तिथे नोकरीला), तिने मागे फोनवर सहज सांगितलं की मावशी इथले पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे आधी मास्तर होते, आणि त्यांच्या शिक्षणाच्या धोरणाचं नाव होतं 'एलिमू या कुजितेगेमेआ'. अर्थ काय गं? तर म्हणे, स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं शिक्षण. म्हटलं, अगं हे तर आमचंच ब्रीद! आणि मग डोक्यातून ते जाईचना. फेब्रुवारीत गेलो, तेव्हा तिकडे शाळा चालू असतात.

पहिला आणि दुसरा दिवस – दार (म्हणजे दार-ए-सलाम)

दारला फेब्रुवारीत जाऊ नका, हा पहिला सल्ला. मुंबईचा मे महिना परवडला. पण एअरपोर्टबाहेर पडल्या पडल्या ह्यांचा चेहरा खुलला कारण समोर रिक्षांची रांग, आणि त्या रिक्षाला तिथे नावच आहे 'बजाजी'. कंपनी कुठलीही असो, तीन चाकं म्हणजे बजाजी. ह्यांनी आकुर्डीला बजाजमध्ये बावीस वर्षं नोकरी केलीय, त्यामुळे पुढचे दोन दिवस प्रत्येक रिक्षावाल्याला ते सांगायचे की ही मी केलीय. कुणाला काही कळत नव्हतं पण सगळे हसून 'करिबू' म्हणायचे, म्हणजे या या.

शब्दांची तर मजाच आहे. सरकारला सेरिकाली, पैशाला पेसा, गाडीला गारी, दुकानाला डुका, लाखाला लाकी, बंदराला बंदारी. शाळेत शिरलं की अजून. वहीला दफ्तारी, लेखणीला कलामू, हिशेबाला हेसाबू, आणि बाकाला दावाती (आपली दौत ती हीच!). शाळेला मात्र 'शुले' म्हणतात, तो शब्द जर्मनांचा, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत इथे जर्मन राज्य होतं आणि मग इंग्रज आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापडबाजारात एक गुजराती काका भेटले, वय पंच्याहत्तरच्या पुढे, जन्म तिथलाच. मी शिक्षिका म्हटल्यावर त्यांनी गल्ला मुलाकडे दिला आणि चहा मागवला. इंग्रजांच्या वेळी शाळा तीन प्रकारच्या होत्या, गोऱ्यांच्या वेगळ्या, आशियाई लोकांच्या वेगळ्या आणि आफ्रिकन मुलांच्या वेगळ्या. आणि खर्चही तसाच उतरत जायचा. ९ डिसेंबर १९६१ ला टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) स्वतंत्र झाला तेव्हा देशातली निम्मी मुलंसुद्धा शाळेत नव्हती. १९६२ पासून वर्णावरून शाळा वेगळी हा प्रकार कायद्याने बंद झाला. काका म्हणाले, एके दिवशी माझ्या बाकावर एक आफ्रिकन मुलगा येऊन बसला, आई घरी रडली, आणि तो मुलगा पुढे माझा सगळ्यात जवळचा मित्र झाला. मग थांबून म्हणाले, १९७१ ला म्वालिमूंच्या सरकारने आमची बिल्डिंग ताब्यात घेतली, ते पण लिहा. लिहिलं काका.

म्वालिमू म्हणजे मास्तर. न्येरेरेंना सगळा देश याच नावाने ओळखतो, आपण साने गुरुजी म्हणतो तसं. दुपारी पुगूला जाऊन आलो, दारपासून वीसेक किलोमीटर. तिथल्या शाळेत ते शिकवायचे आणि १९५५ ला राजकारणासाठी नोकरी सोडली. आत जायला परवानगी नव्हती, फाटकातून बघितलं. आंब्याची झाडं आणि वाळत घातलेले युनिफॉर्म.

(खाण्याचं : शाकाहारी माणसाने घाबरू नये. वाली माहारागे म्हणजे भात आणि राजम्यासारखी उसळ सगळीकडे मिळते, म्चिचा म्हणजे जवळजवळ आपला माठ, चपाती तर चपातीच पण आपल्या पराठ्याएवढी तेलकट. रस्त्यावर ज्या बायका जेवण करून विकतात त्यांना मामा लिशे म्हणतात, तिथेच जेवा, हॉटेलात नको. आपला एक रुपया म्हणजे साधारण तीस शिलिंग, त्यामुळे पहिले दोन दिवस आपण फार श्रीमंत आहोत असं वाटतं. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१९ पासून बंदी आहे, चिवडा-लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात न्या.)

तिसरा दिवस – रेल्वेने डोडोमा

नवी विजेवरची रेल्वे २०२४ पासून चालू आहे, चार तासांच्या आत डोडोमा, म्हणजे देशाची राजधानी. गाडी वेळेवर सुटली, वेळेवर पोचली, लिहिण्यासारखं काही झालं नाही. विमानतळासारखी बॅगांची तपासणी असते म्हणून तासभर आधी जा.

सोबत जुमा होता. जावयांच्या ऑफिसातला, तिशीतला मुलगा, त्याचं घर मुसोमाला, तो सुट्टीवर निघालाच होता म्हणून आम्हाला बरोबर घेतलं. जुमा नसता तर ही सगळी सहल म्हणजे फाटकातून बघितलेली शाळा झाली असती.

चौथा दिवस – शाळा

आधी फजिती. जुमा डोडोमाला चुलतभावाकडे उतरला होता, त्याने रात्री मेसेज टाकला, उद्या 'सा म्बिली' ला निघू. म्बिली म्हणजे दोन हे मला तोवर पाठ झालं होतं. म्हटलं छान, दुपारी दोनला जायचंय, सकाळी निवांत. सकाळी आठला दारावर थाप! मी गाऊनवर, हे दाढीचा साबण लावून. तिथे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या आसपासच उगवतो त्यामुळे त्यांचं बरोबर चालतं. आमची आजी पंचांगातल्या घटका अशाच मोजायची, तिला हे एका मिनिटात कळलं असतं. तर सल्ला असा की वेळ विचारताना 'सकाळची की दुपारची' हे विचाराच.

डोडोमापासून तासाभरावर गाव. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहित नाही. लाल माती, पावसाने हिरवी झालेली बाजरी-ज्वारी, आणि मधे मधे गोरखचिंचेची अवाढव्य झाडं. फाटकातून शिरलो तर मुलं अंगण झाडत होती, प्रत्येकाने घरून आणलेली झाडणी. घंटा म्हणजे झाडाला टांगलेला गाडीच्या चाकाचा लोखंडी रिंग. आमच्या शाळेत रुळाचा तुकडा होता, आवाज तोच.

आणि मग पहिलीच्या वर्गात पाऊल टाकलं तर सगळी मुलं धाडकन उभी, आणि एका सुरात 'शिकामू म्वालिमूऽऽ!' शिकामू म्हणजे पाया पडतो. लहानाने मोठ्याला म्हणायचं आणि मोठ्याने 'मराहाबा' म्हणायचं. माझ्या तोंडून 'बसा रे' निघालं आणि खरंच बसली.

वर्गात एकशे चार मुलं. मी मोजली, सवय जात नाही. एका बाकावर चार, पुढची जमिनीवर, पुस्तक पाच-सहा जणांत एक. बाई विशीतली, गळ्यात शिट्टी. पण काय शिकवत होती! बाटल्यांची झाकणं वापरून बेरीज, आणि सगळी मुलं 'मोजा, म्बिली, टाटू' म्हणून ओरडतायत. मोजा म्हणजे एक. मी ह्यांना म्हटलं बघा, इथे मोजायची सुरुवातच 'मोजा' ने होते. हे सगळं स्वाहिलीत, त्यामुळे शंभर जणांत सुद्धा मागचं पोर प्रश्न विचारत होतं. हा जो बदल आहे तो १९६७ चा. त्या वर्षी फेब्रुवारीत आरुशाचा जाहीरनामा (न्येरेरेंच्या समाजवादाचा आणि स्वावलंबनाचा) आला, मार्चमध्ये एलिमू या कुजितेगेमेआ, आणि प्राथमिक शाळेची सगळी सात वर्षं स्वाहिलीत झाली. त्याआधी वरच्या इयत्तांना इंग्रजी लागायचं.

मुख्याध्यापिकाबाईंना सगळे मामा नेएमा म्हणत होते (मोठ्या लेकराच्या नावाने आईला हाक मारायची पद्धत). त्यांनी शाळेचं शेत दाखवलं. मका, सूर्यफूल, एका कडेला पालेभाजी. न्येरेरेंचं म्हणणं सरळ होतं, की सातवी झालेल्या शंभर मुलांतल्या तेरा-एक जणांनाच पुढे जागा आहे, मग उरलेल्यांसाठी शाळा म्हणजे नापास व्हायची जागा का व्हावी? प्राथमिक शिक्षण हेच पूर्ण शिक्षण पाहिजे, गावात राहून जगता येईल असं. म्हणून शाळेला शेत, मुलांच्या हातात कुदळ, आणि शेताचं काय करायचं ते मुलांनी ठरवायचं.

मी विचारलं, ठरवायची का? मामा नेएमा हसल्या. म्हणाल्या, मी शाळेत होते तेव्हा कुदळ मुलांची, ठरवणार हेडमास्तर, आणि कधी कधी मका पण हेडमास्तरांचा. उशिरा आलं की शिक्षा म्हणून शेतात पाठवायचे. मग आईबापांना वाटायचं, खणायला तर घरी पण शिकतोय, शाळेत कशाला? त्यांना पाहिजे होता सातवीचा निकाल.

मला वडील आठवले. ते बोर्डिंगातल्या कामाबद्दल बोलताना छाती फुगवायचे, पण आम्हा भावंडांना मैदानातले दगड वेचायला लावले तेव्हा आम्ही वैतागायचो. वडलांची कुदळ आणि आमचे दगड, ब्रीद एकच पण त्यांना फी त्यातून भरायची होती आणि आम्हाला फक्त पीटीचे मार्क. मला वाटतं इथेही तसंच झालं असणार. कुदळ राहिली.

आता ते शेत दुपारच्या जेवणासाठी आहे. मकांडे म्हणजे मका आणि घेवडा तासन् तास शिजवलेला, तेल नावाला. मुलांबरोबर बसून खाल्लं. ह्यांनी खिशातून शेंगदाण्याची चटणी काढली आणि शिक्षकांच्या खोलीत ती पाच मिनिटांत संपली.

अजून एक गोष्ट. मधल्या सुट्टीत मुलं आपापसात बोलत होती ती स्वाहिली नव्हती. जुमालाही कळेना. ती चिगोगो, घरची भाषा. देशात अशा सव्वाशेच्या आसपास भाषा आहेत आणि शाळेत एकीलाही जागा नाही. माझी पहिली नेमणूक १९८६ ची, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात धडगावला. पोरं पावरी बोलणारी, मी मराठी पुस्तक घेऊन उभी, आणि मला वाटायचं मी मातृभाषेत शिकवतेय! दोन महिने एक मुलगी तोंड उघडेना, तिला 'पाणी' हा शब्दच कळत नव्हता हे मला दिवाळीला कळलं. मामा नेएमांना हे सांगितलं तर त्या पटकन म्हणाल्या, आम्ही पहिलीत चोरून चिगोगो बोलतो.

पण खरी दरी पुढे आहे. सातवीपर्यंत स्वाहिली आणि माध्यमिकला एकदम सगळं इंग्रजीत. त्यांची धाकटी लेक यंदाच त्या वर्गात गेली, जीवशास्त्राचं पुस्तक उघडून रडते म्हणाल्या. वरपर्यंत स्वाहिली आणायची चर्चा किती वर्षं चाललीय, होत नाही. आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांची मुलं पहिलीपासून इंग्लिश मीडियमला, पिवळ्या बसमधून. कुठल्या देशात बसलेय असं क्षणभर झालं. एक चांगली बातमी पण दिली त्यांनी, पूर्वी शाळेतली मुलगी गरोदर राहिली की नाव काढून टाकायचे, २०२१ च्या शेवटी तो नियम गेला, बाळंतपणानंतर परत येता येतं. त्यांच्या ओळखीतल्या दोन आल्या.

(शाळा बघायची असेल तर : असंच उठून जाऊ नका. आधी स्थानिक शिक्षण अधिकाऱ्याची परवानगी घ्या, ओळखीतून पत्र मिळवा. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. चॉकलेटं वाटू नका, शंभर मुलांत वीस चॉकलेटं म्हणजे मारामारी. खडू, पेनं, वह्या मुख्याध्यापकांच्या हातात द्या.)

पाचवा दिवस – बस, पंक्चर आणि एक मास्तर

डोडोमा ते म्वांझा बस, पहाटे सुटते आणि अंधार पडायच्या सुमारास पोचवते असं सांगतात. सिंगिडाच्या अलीकडे टायर गेला. स्टेपनी होती पण तिच्यात हवा नव्हती. साडेतीन तास गोरखचिंचेखाली. सगळे एकमेकांना 'पोले' म्हणत होते, कुणी चिडलं नाही, आमचे हे सोडून.

तिथे एक म्झे भेटले. म्झे म्हणजे वडीलधारे, आपण तात्या म्हणतो तसं. डोक्यावर विणलेली टोपी, हातात छत्री. मी पण शिक्षक, म्हणाले, पण साधा नाही हं, यूपीईचा! आणि स्वतःच खो खो हसले.

त्याचं असं आहे. १९७३ मध्ये प्राथमिकची फी गेली. न्येरेरेंच्या पक्षाची बैठक मुसोमाला झाली नोव्हेंबर १९७४ मध्ये आणि तिथे ठरलं की देशातल्या प्रत्येक मुलाला शाळेत घालायचं, १९८९ पर्यंत नाही, १९७७ पर्यंत! बारा वर्षं एकदम कापली. त्यालाच यूपीई म्हणतात, सगळ्यांना प्राथमिक शिक्षण. आता एवढे शिक्षक आणायचे कुठून? तर सातवी झालेली पोरं उचलली. हे म्झे तेव्हा अठरा वर्षांचे. सकाळी शिकवायचं, दुपारी स्वतः शिकायचं, टपालाने आलेले धडे, रेडिओवरचे पाठ, आणि आठवड्यातून काही वेळा जुन्या मास्तरांची शिकवणी. असं दोन-अडीच वर्षं आणि शेवटी काही आठवडे कॉलेजात. वर्ग आंब्याच्या झाडाखाली, पाऊस आला की सुट्टी. लोक यूपीईचा लाँगफॉर्म करायचे 'उआलिमू पासिपो एलिमू', म्हणजे शिक्षणाशिवाय शिक्षकी. हे सांगताना म्झेंना काही वाईट वाटत नव्हतं. म्हणाले, माझ्या हातून एक डॉक्टर झाली आणि दोन चोर, शिकलेल्या मास्तराचं पण एवढंच होतं.

मग एकदम गंभीर झाले. त्याच वर्षांत विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना एका गावात आणलं होतं, उजामा गावं. आधी समजावून, मग ट्रक पाठवून. म्झेंच्या आजीच्या घराचं छप्पर काढलं आणि भांड्यांसकट तिला ट्रकवर चढवलं. "शाळा जवळ आली," म्झे म्हणाले, "पण शेत लांब गेलं."

मी त्यावर काहीच बोलले नाही. आकडा बघायला गेलं तर म्वालिमूंनी करून दाखवलं, १९८० च्या आसपास शंभरातली नव्वदच्या वर मुलं शाळेत होती, जगात गाजलेलं काम आहे ते. पण पुढे तेल महागलं, युगांडाच्या हुकूमशहाबरोबर, इदी अमीनबरोबर लढाई झाली, तिजोरी रिकामी झाली, ऐंशीच्या दशकात पालकांकडून परत पैसे घ्यायला लागले आणि मुलं गळाली. २००२ च्या सुमाराला फी पुन्हा गेली तेव्हा पुन्हा वर्ग फुगले. कालची ती एकशे चार मुलं त्याच लाटेतली. म्हणजे पन्नास वर्षं झाली तरी प्रश्न तोच, आधी सगळ्यांना आत घ्यायचं की आधी बाकं करायची? मी स्वतः आत घेण्याच्या बाजूची आहे. हे नाहीत. यावर आमचं म्वांझा येईपर्यंत भांडण.

म्वांझाला रात्री साडेअकराला पोचलो. टिप : रात्री पोचणाऱ्या बसचं हॉटेल आधी फोन करून ठेवा आणि बॅगेत खायला ठेवा.

सहावा दिवस – म्वांझा ते मुसोमा

सकाळी उठून बघते तर खिडकीत व्हिक्टोरिया सरोवर. पलीकडचा काठच दिसत नाही, लाटा येतात, कुणी सांगितलं नसतं तर समुद्रच म्हटला असता, फक्त खारा वास नाही. पाण्यात एकावर एक ठेवल्यासारखे धोंडे. काठावर डागा नावाची बोटाएवढी मासळी वाळत घातलेली, वास आपल्या सुकटीचा, ह्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. (पाण्यात पाय घालू नका, बिल्हार्झिया नावाचा रोग होतो. आणि मच्छरदाणी, मलेरियाच्या गोळ्या याबद्दल निघायच्या आधी डॉक्टरला विचारा.)

मुसोमा चार तास. वाटेत ते झेब्रे. गाव छोटं, तीन बाजूंनी पाणी, वारा सुखाचा. संध्याकाळी जुमा म्विसेंगेच्या शाळेकडे घेऊन गेला. १९३४ मध्ये बारा वर्षांचे न्येरेरे या शाळेत दाखल झाले, टोळीप्रमुखाचा मुलगा पण तोवर शाळा बघितली नव्हती. ज्या गावात तो उशिरा शाळेत गेला त्याच गावात चाळीस वर्षांनी बैठक घेऊन त्याने सगळ्या देशाची घाई केली. मी हे जुमाला म्हटलं, तर तो म्हणाला बैठक कुठे तरी घ्यायचीच होती बाई. असेल बाबा.

सातवा दिवस – बुटियामा आणि आजी

बुटियामा म्हणजे खडकाळ टेकडीवरचं गाव, मुसोमापासून पाऊणएक तास. म्वालिमूंची समाधी घराच्या आवारातच आहे. १४ ऑक्टोबर १९९९ ला ते लंडनमध्ये वारले, त्या तारखेला देशात सुट्टी असते. संग्रहालय छोटं आहे, वापरातल्या वस्तू, भेटी मिळालेल्या काठ्या, फोटो. शेक्सपिअरची दोन नाटकं त्यांनी राष्ट्राध्यक्ष असताना स्वाहिलीत आणली, हे ऐकून मला जरा हेवा वाटला. आम्हाला तर मुख्याध्यापक झाल्यावर पेपर वाचायला वेळ मिळायचा नाही.

पण खरं सांगू का, दिवस लक्षात राहिला तो जुमाच्या आजीमुळे. दुपारी त्याच्या घरी जेवायला गेलो, उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड), म्चिचा, आणि ह्यांना सरोवरातला तळलेला सातो मासा. आजी ऐंशीच्या पुढची, डोळे तेज. मी वाकून 'शिकामू' म्हटलं तर खूश होऊन माझा हातच सोडेना. सत्तरच्या दशकात प्रौढांचे वर्ग होते, शेतातून आल्यावर संध्याकाळी जायची. शिकवायला कोण, तर शेजारचा सातवी झालेला पोरगा, ज्याला हिने लहानपणी पाठीवर घेतलेला. चुकलं की तो रागवायचा आणि ही त्याला म्हणायची, थांब तुझ्या आईला सांगते.

निघताना फोटो काढले. जुमा म्हणाला मोबाईलवर पाठवा. आजी म्हणाली, नको, कागदावरचे पाहिजेत, टपालाने. माझी वही मागितली, चष्मा लावला, आणि पत्ता लिहिला. वेळ लागला. एकेक अक्षर गोल, सुटं, ओळीवर बसलेलं, पहिलीच्या बाईंना आवडेल असं. सगळ्यात वर नाव आणि खाली एसएलपी आणि एक नंबर. एसएलपी म्हणजे सांडुकू ला पोस्टा. सांडुकू म्हणजे संदूक! तिकडे घरोघर पोस्टमन येत नाही, पोस्टात पेटी असते, आजीची पत्रं चर्चच्या पेटीत येतात.

आठवा दिवस

म्वांझाहून विमानाने दार, रात्री मुंबईचं विमान. (परत येताना केनिया, युगांडा किंवा इथिओपियावरून येणार असाल तर पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड आपल्याकडे विचारतात, लस निदान दहा दिवस आधी घेतलेली पाहिजे.)

फोटो साताऱ्यात धुऊन घेतले, मोठ्या साइजचे, एक आजीचा एकटीचा, एक आमच्या दोघींचा. मागच्या सोमवारी पोस्टात गेले. काउंटरवरच्या मुलाने पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, मावशी यात घर नंबर नाही, रस्ता नाही, असं कसं पोचणार? म्हटलं पोचेल, पेटी आहे त्यांची. त्याने तिकीट लावलं.